शरणम्माच्या डब्यावरचं इंग्रजी

अहमदपूर
९ जुलै २०२५

ताई,

पाकिटावर नाव टाकलं नाही ते मुद्दाम. अक्षर बघून तू ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर फाड, पण आधी खालचे शब्द तेवढे वाच.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तीन वर्षांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस. आणि माझं व्हॉट्सॲप घाण्यावरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, ऑर्डरी तिथं दिसाव्यात म्हणून. मी कुणाला काय लिहिते, मला कोण काय लिहितं, हे माझ्या दिराला बसल्या जागी दिसतं. आधी त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटतं. म्हणून तुझ्या नायगावच्या शाळेच्या पत्त्यावर कागदाचं पत्र.

तू इंग्रजी शिकवतेस. मला काही वाक्यांचे अर्थ हवे आहेत. दुसरं काही मागत नाही.

पुण्याच्या एका कंपनीला आमचं करडईचं तेल देशभर विकायचं आहे. संगमेश्वर भाऊजींनी कुठून तरी ही माणसं आणली. समीक्षा नावाची मुलगी येते, पंचविशीची, बोलायला गोड. टेबलावर लॅपटॉप उघडते, त्यात पुण्याचे साहेब दिसतात, आणि मग सगळं इंग्रजीत. मी भागीदार आहे, माझी सही लागते, म्हणून मलाही बसवतात. भाऊजी मान हलवतात, येस येस म्हणतात, मध्येच एखादं वाक्य फेकतातही. हे कधी शिकले? आमच्या घरात कुणी इंग्रजी बोलत नव्हतं.

मी ऐकू आलं तसं लेबलांच्या पाठीमागं लिहून घेतलं. विन-विन सिच्युएशन. लो हँगिंग फ्रूट. लेट्स टेक इट ऑफलाइन. हे शेवटचं म्हटलं की समीक्षा लॅपटॉप मिटते आणि भाऊजींना घेऊन बाहेर पेंडीच्या पोत्यांपाशी जाते. तिथं काय बोलतात ते मला ऐकू येत नाही.

आणि एक. गेल्या बैठकीत साहेब काहीतरी म्हणाले, त्यावर समीक्षा म्हणाली, दामिनी वहिनी इज द बॉटलनेक. भाऊजी हसून म्हणाले, येस, बॉटलनेक. मला वाटलं बाटलीबद्दल चाललंय. मी म्हटलं, गळा बारीक असेल तर बाटली बदलू, पण आमचं गिऱ्हाईक पाच लिटरचा डबाच नेतं. समीक्षानं खाली बघितलं. साहेब हसले.

ते हसणं मला झोंबलं. अर्थ कळव.

दामिनी


अहमदपूर
२३ जुलै २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. एक पान, आकडे टाकून अर्थ, लाल पेनानं. ना वर माझं नाव, ना खाली तुझं. वहीत चुका काढल्यासारखं. तरी उत्तर दिलंस.

बॉटलनेक म्हणजे अडथळा. म्हणजे सगळं माझ्यापाशी येऊन तुंबतं. आणि मी त्यांना बाटली बदलून देत होते. त्या दिवशी घरी येऊन अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, कौतुकानं सांगितलं होतं की बैठकीत मी पण बोलले.

तुझं पाकीट पोस्टमननं घाण्यावर भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "वहिनी, नायगावचं हाय." बस, एवढंच. पण डिंक एका कोपऱ्याला सुटलेला होता. तूच नीट चिकटवला नव्हतास का? खरं सांग. आता मी पोस्टात सांगून ठेवलंय, माझं पत्र मी स्वतः येऊन नेईन.

दुसरंही एक विचारते, रागावू नकोस. तुझं भाऊजींशी काही बोलणं होतं का? तू एवढं कोरडं लिहिलंस म्हणून मनात आलं. आजकाल माझ्या मनात काहीही येतं. कोण कुणाशी काय बोललं याचाच विचार करून राहिले आहे.

मला माहीत आहे, यांच्या शिवगण आराधनेच्या दिवशी, दिवसांच्या जेवणाला, तू मला मागच्या खोलीत नेऊन काय सांगितलंस. रुद्रेश गेल्याला तेव्हा दहा दिवस पण झाले नव्हते. तू म्हणालीस, "दिरावर डोळे झाकून विसंबू नको, न वाचता कशावर सही करू नको." मी आरडाओरडा केला. जेवायला बसलेल्या माणसांपुढं तुला म्हटलं, माझ्या घरात विष कालवायला आलीस का, नीघ इथून. तू ताटावर बसलेली होतीस, तशीच उठलीस. हे मी विसरले नाही. त्यावर आज लिहायची माझी हिंमत नाही.

आता समीक्षानं कराराचा कागद ठेवलाय, अकरा पानं, इंग्रजी. ती म्हणते, स्टँडर्ड आहे, सगळे असाच करतात. भाऊजी जेवायला घरी गेले तेव्हा सातव्या पानावरच्या चार ओळी मी अक्षर अक्षर बघून उतरवून घेतल्या. सोबत कागद जोडलाय. त्यात एक्सक्लुझिव्ह आहे, नेम अँड लाइकनेस आहे, आणि इन परपेच्युइटी. मला लाइक म्हणजे आवडणं एवढंच येतं. कुणाला काय आवडायचंय?

लवकर कळव. ऑगस्टच्या शेवटी सह्या आहेत.

दामिनी


अहमदपूर
४ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझ्या पत्राच्या तळाशी या खेपेला एक ओळ जास्तीची होती. सही केलीस का? एवढीच. मी ती पोस्टाच्या पायरीवर उभी राहून चार वेळा वाचली.

नाही केली.

लाइकनेस म्हणजे चेहरा. इन परपेच्युइटी म्हणजे कायमचं, शेवट नसलेलं. म्हणजे डब्यावरचं शरणम्मा हे नाव आणि अव्वांचा चेहरा दोन्ही कंपनीचे, कायमचे. आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे त्यांच्याशिवाय कुणालाच वापरता येणार नाही, आम्हाला पण नाही. उद्या आम्ही आमच्याच घाण्याचं तेल आमच्याच दारात अव्वांच्या नावानं विकलं तर ती चोरी. मी बरोबर समजले ना? तू दोनदा अधोरेखित केलंस, म्हणजे बरोबरच असेल.

आता मला एक कबूल करायचंय. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ही माणसं भाऊजींनी आणली. ते खोटं. मीच आणली. जानेवारीत लातूरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं आमचा स्टॉल होता. समीक्षा आली, तेल हातावर घेऊन वास घेतला, म्हणाली, युवर स्टोरी इज युवर ब्रँड. मला म्हणाली, तुमच्यासारख्या बाईनं एवढं उभं केलं, लोकांना हे कळलं पाहिजे. हे गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं इंग्रजीत काहीबाही विचारलं, मी प्रत्येकाला येस म्हटलं. त्यातले दोन येस कशाला म्हटले ते मला अजून माहीत नाही. घरी येऊन मीच भाऊजींच्या मागं लागले की यांना बोलवा. तुझ्यापुढं मूर्ख दिसायचं नव्हतं म्हणून लपवलं.

पण भाऊजींचं वागणं त्यानंतर बदललं, हे खोटं नाही. परवा मी करडईचं पोतं बघायला गोदामात गेले, तर ते भिंतीकडं तोंड करून एकटेच बोलत होते. वी आर ऑन द सेम पेज. वी आर ऑन द सेम पेज. मला बघितलं आणि मोबाइल खिशात घातला. "आडत्याचा फोन होता," म्हणाले. आडत्या इंग्रजी बोलतो का?

दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ते लातूरला जातात. आधी असं ठरल्या वारी कधी जात नव्हते. विचारलं तर म्हणतात, मोंढ्यात भाव बघून येतो. भाव तर मोबाइलवर दिसतात. ते कंपनीच्या माणसाला भेटत असणार. माझ्याशिवाय आधी सगळं ठरवायचं आणि मग मला सहीला बसवायचं, असं दिसतंय.

तू तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. तुझंच खरं झालं म्हणायचं.

पुढच्या मंगळवारी त्यांच्या मागोमाग जाऊन बघणार आहे.

दामिनी


अहमदपूर
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

गेले होते. बसून नीट लिहिते.

भाऊजी बाराच्या गाडीनं निघाले. मी पाठोपाठच्या गाडीत बसले, डोक्यावरून पदर, जणू मीच काही चोरून नेत होते. लातूरला उतरून मोंढ्यात गेले. ते तिथं नव्हते. ओळखीच्या आडत्याला विचारलं, तो म्हणाला, "संगमेश्वर शेठ? दोन महिन्यांत फिरकले न्हाईत इकडं."  मनात म्हटलं, झालं, पकडलं.

मोंढ्यातून बाहेर पडले, तर समोरच्या रस्त्यावर भाऊजींची चप्पल. तुला हसू येईल, पण खरंच आधी चप्पलच ओळखली. उदगीरहून शिवून आणलेली जाड चामड्याची, दुसऱ्या कुणाच्या पायात मी बघितली नाही. मोबाइलच्या दुकानाला लागून जिना होता, जिन्याखाली वीस-पंचवीस चपला-बूट, त्यात ती एक. आणि वर पाटी, स्पोकन इंग्लिश, बिझनेस इंग्लिश, पहिला तास मोफत.

मी जिना चढले. दार अर्धं उघडं होतं. बाकांवर विशीतली पोरं-पोरी. शेवटच्या बाकावर माझे दीर, बावन्न वर्षांचे, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून एक पाय बाहेर. शिकवणाऱ्या बाई म्हणत होत्या आणि सगळे मागून म्हणत होते. आय वुड लाइक टु टच बेस विथ यू. भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होते, आणि सगळ्यांच्या नंतर.

बाईंनी त्यांना उभं केलं. "काका, बिझनेसमध्ये आपल्याला वेळ मागायचाय. काय म्हणाल?" ते उभे राहिले, छताकडं बघितलं. पुढच्या बाकावरचे दोघं हसले. मला ते हसणं ओळखीचं वाटलं. माझ्या बाटलीच्या वेळी साहेब असंच हसले होते.

मला बघितल्यावर ते बसले. मग उठले, वही घेऊन बाहेर आले. जिन्यात माझ्यापुढं उभे राहिले.

मग म्हणाले, "वहिनी, मला काहीच कळत न्हाई. मी नुसतं येस येस करून राहिलो. म्हटलं, सह्यांच्या आधी शिकून घ्यावं. भाऊ असता तर त्यानं इचारून घेतलं असतं. मला लाज वाटली."

मी म्हटलं, "आणि ते पोत्यांपाशी नेऊन काय बोलते ती?"

"ती म्हणती, वहिनींना समजावा. मी हाव म्हणतो. काय समजावायचं ते मलाच कुठं मालूम हाय?"

मी बॉटलनेकचं विचारलं. ते म्हणाले, "मानेवर सगळा भार असतो ना? मला वाटलं, तुमाला मोठं म्हणून राहिलेत. म्हणून मी बी म्हटलं."

ताई, मी त्या जिन्यावर बसले आणि हसले. रडले पण. ते घाबरले, पाणी आणायला धावले.

गाडीत परत येताना मी त्यांना तुझे सगळे अर्थ वाचून दाखवले.  अर्धा रस्ता मागं गेल्यावर म्हणाले, "तुमच्या ताईचं पाकीट मी उन्हात धरून बघितलं हुतं. उघडलं न्हाई. मला वाटलं, तुमी दोघी मिळून वेगळं निघायचं बघून राहिलात. आराधनेच्या दिवशी त्या काय म्हणाल्या ते मी दाराआडून ऐकलेलं. तवापासून तुमच्याशी बोलताना जीभ जड व्हती."

तीन वर्षं, ताई. एका टेबलाला बसून, मी त्यांच्यावर डोळा ठेवून आणि ते माझ्यावर.

त्यांच्याबाबत तू चुकलीस. आणि मी तर तुला घालवून देऊनही, तुझंच बोलणं मनात धरून बसले.

दामिनी


अहमदपूर
३० ऑगस्ट २०२५

ताई,

परवा बैठक झाली. तू लिहून दिलेली वाक्यं आम्ही दोघांनी आठ दिवस घोकली. अव्वा पलंगावरून ऐकायच्या आणि म्हणायच्या, घरात भुतं बडबडून राहिलीत.

अव्वांना पण बसवलं. चेहरा त्यांचा, त्यांना कुणी अजून विचारलंच नव्हतं. आम्ही पण नाही. ही लाज माझी.

लॅपटॉपमधले साहेब म्हणाले, सो, आर वी गुड टु गो? भाऊजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सर, वी आर नॉट ऑन द सेम पेज. सेव्हन पेज." साहेब म्हणाले, लव्हली. भाऊजी बसले. मग मी म्हटलं, "वी नीड टाइम टु रिव्ह्यू धिस."  साहेबांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि लांबलचक बोलायला लागले. मी त्यातलं अर्धं धरलं. नाव आणि चेहरा हातात नसेल तर कंपनीला पैसा ओतता येत नाही, असं काहीतरी.

मग मी इंग्रजी सोडलं. अव्वांकडं वळून आपल्या भाषेत सांगितलं की हे लोक तुमचं नाव आणि तुमचा फोटो मागतात.

"किती दिस?" अव्वांनी विचारलं.

"कायमचा."

"मी मेल्यावर बी?"

"हाव, अव्वा."

अव्वा डब्याकडं बघत राहिल्या. तो फोटो यांनी अंगणात काढलेला, अव्वा शेंगा सोलत होत्या, हाक मारली म्हणून वर बघितलं, तेवढ्यात. अव्वा म्हणाल्या, "ह्यो रुद्रेशनं काढला. त्याला इचारा, मग न्या."

 साहेब तिकडून विचारत होते, व्हॉट डिड शी से? समीक्षा आमच्या भिंतीवरच्या यांच्या फोटोकडं बघत होती. मग तिनं सांगितलं, "शी सेज नो, सर."

साहेब म्हणाले, वी विल गेट बॅक टु यू. लॅपटॉप मिटला.

जाताना समीक्षा फाटकाशी थांबली आणि एकदम आपल्यासारखं बोलायला लागली. म्हणाली, "काकू, मी अर्धापूरची हाय. आमच्या केळीच्या खोक्यावर माझ्या आज्याचं नाव असायचं. आता ते नाव दुसऱ्याचं हाय, आमाला लावता येत न्हाई. सातवं पान काढल्याबिगर सही करू नका. मी म्हटलं असं कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "मग हे आधी का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "नोकरी हाय ना, काकू."

खरं बोलली की आम्हाला मऊ करायला बोलली, मला कळत नाही. भाऊजी म्हणतात, खरंच असेल. ते लगेच विश्वास ठेवतात. मला आता तसं जमत नाही.

त्या दिवशी तू ताटावरून उठलीस. मी तुला थांबवायला हवं होतं. माझं चुकलं, ताई. एवढं लिहायला मला सात आठवडे लागले, आणि त्याआधी तीन वर्षं.

तुझी
दामिनी


अहमदपूर
१९ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं दिवाळीच्या आधीचं पत्र माझ्याजवळ आहे. तू लिहिलंस की दिराबाबत चूक झाली, पण सगळ्यांपुढं उठावं लागलं ते अजून बोचतं, आणि ते एका पत्रानं जायचं नाही. बरोबर आहे. मी घाई करत नाही.

पण लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. काल मी नांदेडला आले होते, तुझ्याकडं यायलाच. नायगावची गाडी लागलेली होती. मी चढले नाही. वेळ काढायला स्टँडजवळच्या मोठ्या दुकानात शिरले आणि तेलाच्या फळीपुढं थबकले.

कंपनीनं आम्हाला पुन्हा फोन केला नाही. वी विल गेट बॅक टु यू याचा अर्थ तू सांगितला होतास, तसंच झालं. पण त्या फळीवर डबा होता. लाकडी घाण्याचं करडईचं तेल, रंग आमच्यासारखा, आणि वर एका म्हातारीचा फोटो. हिरवं लुगडं, हातात सूप, कुणीतरी हसा म्हटल्यावर हसतात तसं हसू. नाव लक्ष्मीबाई. पाठीमागं लिहिलंय, लक्ष्मीबाईंनी सत्तर वर्षं हाच घाणा सांभाळला. ताई, हे शब्द माझे आहेत. जानेवारीत मी समीक्षाला आमच्या अव्वांबद्दल हेच सांगितलं होतं, आणि तिनं लिहून घेतलं होतं.

आधी मला राग आला. डबा हातात घेऊन भांडायला निघालेच होते. मग त्या बाईचा चेहरा परत बघितला. तिच्या घरात इंग्रजी येणारं कुणी असेल का? तिला कुणी विचारलं असेल का, किती दिवस? का तिनंही प्रत्येक गोष्टीला येस म्हटलं असेल?

डबा विकत घेतला आणि तशीच परत आले. भाऊजींना दाखवला. त्यांनी तेल चाखलं नाही, नुसता फोटो बघितला. म्हणाले, "हिला कुणी सांगितलं नसंल तर?" अव्वा म्हणाल्या, "जा, इचारून या."

डब्यावर गावाचं नाव छापलंय. देगलूरच्या अलीकडं आहे, नायगावहून पाऊण तासावर. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघतोय. ती बाई खरंच तिथं राहते की नाही, माहीत नाही. घरातले उंबऱ्याच्या आत घेतील की कुत्रं सोडतील, तेही माहीत नाही. आणि तिच्याकडं करार असेल तर तो इंग्रजीत असणार. आम्हा दोघांचं इंग्रजी सातव्या पानापलीकडं जात नाही.

साडेनऊला आमची गाडी नायगाव स्टँडवर थांबेल. पाच मिनिटं थांबते. मी दाराशी उभी असेन.

दामिनी